मातीची भर

"दीपा, घुगऱ्यांत मीठ घातलंस का गं?"

बैठकीच्या खोलीत गालिच्यावर मांडी घालून वसुधा कपड्यांच्या प्लास्टिकच्या बास्केटला आपली जुनी नारिंगी साडी गुंडाळत होती. बारशाला पाळणा हवा होता, आणि पाळणा काही मिळाला नव्हता. तेव्हा एरवी धुणं वाहणाऱ्या बास्केटला आज ही बढती मिळाली होती.

"आय डोन्ट नो, आई. आर दे सपोज्ड टू बी सॉल्टी?" स्वयंपाकघरातून चौदा वर्षांच्या लेकीचा आवाज आला.

"चाखून बघावं, राणी. अमेरिकेत चाखायला बंदी नाहीये."

दीपा घुगऱ्यांची वाटी हातात घेऊनच बाहेर आली. "अँड सीरियसली, आई, यू कान्ट जस्ट नेम समबडी एल्सेज किड."

"त्यांना सांगितलंय मी. येतो म्हणालेत."

"यू सेड पार्टी. यू डिडन्ट से नेमिंग."

"सरप्राइज आहे ते," वसुधा म्हणाली आणि साडीची गाठ दातांनी आवळली.

सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, चारुदत्त टिपणिसांनी, पान उलटलं. "पोरगी बरोबर बोलतीये," ते म्हणाले. पण वसुधाच्या घरात त्यांच्या मताला जेवढं वजन होतं तेवढंच त्या दिवशीही होतं, त्यामुळे त्यांनी पुढची बातमी वाचायला घेतली.

वसुधा अमेरिकेतल्या पिस्कॅटवे नावाच्या गावात घरी मुलं सांभाळायची. युनिव्हर्सिटी मैलभरावर, आणि तिथं शिकायला आलेल्या जोडप्यांना मुलं व्हायचीच. आईबाप सकाळी पोर तिच्या हवाली करून लॅबोरेटरीत पळायचे ते संध्याकाळी उगवायचे. कोरियन, इजिप्शियन, तमिळ, कुठलंही पोर असो, वसुधा त्याच्याशी मराठीतच बोलायची. इजिप्तच्या एका मुलानं कुत्रा बघून पहिल्यांदा 'भूभू' म्हटलं, तेव्हा त्याच्या बापानं हा कुठल्या भाषेतला शब्द म्हणून चौकशी केली होती. सगळे तिला 'मावशी' म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, समोरच्या घरातला म्हातारा इटालियनही म्हणे.

आजचा उत्सवमूर्ती चिनी होता. तांग ज्येनग्वो आणि शूयिंग या जोडप्याचा मुलगा. दोघं दोन वर्षांपूर्वी चीनहून पीएच.डी.ला आलेली, तेव्हापासून वसुधाच्या ओळखीची, बोलायला मऊ, कामाला वाघ. मूल वसुधाकडे आलं तेव्हा जेमतेम दीड महिन्याचं होतं. आता हातापायांवर रांगत सोफ्याखाली जाऊन बसायचं आणि तिथून सगळ्यांना हुकूम सोडायचं. पण सात महिने उलटले तरी त्याला नाव नव्हतं. घरात 'दोउदोउ' म्हणत, म्हणजे वाटाणा, दाणा, असं काहीतरी. दीपानं त्याचं 'बीन' केलं आणि तेच रूढ झालं. जन्माच्या कागदावर नुसतं 'बेबी बॉय तांग'.

नाव मुलाच्या आजोबांनी द्यायचं, अशी तांगांच्या घरची रीत. ज्येनग्वोचे वडील सूचौ शहरात शाळामास्तर होते. नातू झाल्याचं कळल्यावर त्यांनी कळवलं होतं, शोधतो आहे, घाई करू नका. आणि शोधता शोधताच थंडीत ते गेले. ज्येनग्वोला तार मिळाली तेव्हा सगळं उरकून गेलेलं होतं. त्यानंतर मुलाच्या नावाचा विषय निघाला की तो उठून खिडकीपाशी जायचा.

आणि आता घाईच होती. ऑगस्टअखेर मूल चीनला जाणार होतं, आजीकडे. दोघांचे प्रबंध अडकलेले. तिकडे आजी एकटी. ओळखीतल्या एक बाई परत जाणार होत्या, त्या बरोबर नेणार होत्या. शूयिंगनं हे सांगितलं तेव्हा वसुधा पटकन म्हणून गेली होती, "अगं, मी आहे ना इथं." शूयिंग म्हणाली, "तिकडं आई रात्री दिवा लावून बसते, मावशी. घरात कोणी नाही." वसुधानं मुलाची बाटली विसळायला घेतली. पण पासपोर्टसाठी नाव लागतं, एवढं तिच्या ध्यानात राहिलं.

आता खरी गोष्ट. वसुधाला आत्या व्हायचं होतं.

तशी ती आत्या होतीच. साताऱ्याला तिच्या भावाला, प्रतापला, मुलं होती. पण ती सगळी वसुधा अमेरिकेला आल्यानंतर जन्मली. बारशाला मुलाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि प्रत्येक वेळी तो कोणी ना कोणी चुलत आत्या घेऊन गेली. पहिल्या भाचीसाठी वसुधानं रात्ररात्र विचार करून नाव काढलं, निळ्या एरोग्रामवर लिहून पाठवलं. ते पोचेपर्यंत पोरीचं नाव दुसरंच काहीतरी ठेवून, पेढेसुद्धा संपले होते. पुढं तिनं पाठवणंच सोडलं. सगळी भाचरं मोठी झाली, त्यांतल्या एकाच्याही कानाला तिचं तोंड लागलं नव्हतं. हे दुःख कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती सांगत नसे. पण गावात कोणाचं बारसं असलं की त्या दिवशी तिचा स्वयंपाक बिघडायचा, हे चारुदत्तांना माहीत होतं.

तर या बिननावाच्या पोराला पाहून तिनं मनाशी ठरवलं. ज्येनग्वो भाऊच की. गेल्या भाऊबिजेला तिनं त्याला ओवाळलंही होतं. त्यानं गोंधळून ताटात कॅल्क्युलेटर ठेवला होता. आणि नाव काय ठेवायचं हा प्रश्न तिला पडलाच नाही. नातू आला, आजोबा गेले. आपल्याकडे अशा वेळी दुसरं नाव कोणाच्या मनात तरी येतं का?

तिनं गप्पांच्या ओघात शूयिंगकडून सासऱ्यांचं नाव काढून घेतलं. शूयिंगनं ते सांगायला जरा वेळ घेतला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं. वसुधाला त्याचं विशेष काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

दुपारी मंडळी जमली. वीणा, नागपूरची, दोन घरं सोडून राहणारी, ती पाळणा म्हणायला आली. दोनचार विद्यार्थी जेवणाच्या वासानं आले. शूयिंगनं लाल रंगात बुडवलेली अंडी आणली, त्यांच्यात मूल झाल्यावर अशी अंडी वाटतात म्हणून. वीणानं ती घुगऱ्यांच्या शेजारी मांडली. "बाप्पा, काय शोभून राहिलंय," ती म्हणाली. बीनला बास्केटमध्ये ठेवलं. त्याला ती पसंत पडली आणि त्यानं साडीचा काठ चोखायला घेतला. ज्येनग्वो घुगऱ्यांची वाटी घेऊन हसत उभा होता.

वीणाचं गाणं संपलं, आणि वसुधा बास्केटवर वाकली. इतक्या वर्षांचा साठलेला उत्साह. कानात हळू सांगायचं ते तिच्यानं हळू झालंच नाही.

"कुर्रर्र... वनयुआन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विद्यार्थ्यांपैकी एकानं नाव परत म्हणून बघितलं, वीणानं पाळण्याच्या चालीत घोळवलं, कोणीतरी बास्केट हलवत "ए वनयुआन, इकडं बघ" म्हणालं. तेवढ्यात वसुधाचं लक्ष ज्येनग्वोकडे गेलं. त्याचं हसू गेलं होतं. त्यानं वाटी टीव्हीवर ठेवली, अगदी जपून ठेवली, आणि दार उघडून तो बाहेर गेला. खिडकीतून तो गाडीपाशी पाठमोरा उभा दिसत होता.

"काय झालं?" वसुधानं विचारलं.

शूयिंगनं मुलाला उचलून छातीशी धरलं. "मावशी, आमच्यात वडिलांचं नाव मुलगा तोंडानं घेत नाही. दुसऱ्यांनीही त्याच्यासमोर असं मोठ्यानं घ्यायचं नसतं. आणि ते नाव बाळाला, म्हणजे..." तिला इंग्रजी शब्द सापडेना. "म्हणजे मोठ्या माणसाला खाली ओढणं."

जेवणं झाली, पण ती तेराव्याला होतात तशी झाली. तांग मंडळी श्रीखंड न खाताच निघाली; जाताना ज्येनग्वोनं वाकून "थँक यू, मावशी" म्हटलं, ते तिला जास्त लागलं.

"नाव ठेवायला गेलीस आणि नावं ठेवून घेतलीस," रात्री भांडी पुसता पुसता चारुदत्त म्हणाले. वसुधा हसली नाही, तेव्हा त्यांनी मुकाट्यानं उरलेली सगळी भांडी पुसली.

सोमवारी बीन आला नाही. शूयिंगचा फोन आला, ज्येनग्वो या आठवड्यात घरूनच काम करणार आहे, तोच बघेल. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. दुसरी पोरं होती, घर काही ओस पडलं नव्हतं. पण सोफ्याखालून कोणी हुकूम सोडत नव्हतं. ऑगस्ट दाराशी आलेला, म्हणजे मूल तिच्याकडे राहणार ते मोजकेच दिवस, आणि तेही आपल्या हौसेनं घालवले, हा विचार तिला काही सोडेना. कानात नाव सांगायचं तर दूरच, आता मूल न भेटताच जाणार, असं तिनं मनाशी धरलं. माफी कशी मागायची याचं एक वाक्य तिनं दीपाकडून इंग्रजीत तयार करून घेतलं आणि ती ते भाजी चिरताना म्हणून बघायची.

"जस्ट गो, आई," दीपा म्हणाली. "दे आर नाइस पीपल."

"नाइस आहेत म्हणूनच जाववत नाही गं," वसुधा म्हणाली.

शनिवारी सकाळी ती मागच्या अंगणात अळू बघत होती. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधून आणलेले गड्डे तिनं मे महिन्यात कुंपणाशी लावले होते. पानं सुपाएवढी झालेली, पण पावसानं बुंध्याची माती धुऊन नेली होती आणि गड्डे उघडे पडायला आले होते. ती उकिडवी बसून खुरप्यानं माती ओढत होती, तेव्हा कुंपणापलीकडे सायकल थांबल्याचा आवाज आला.

"मावशी," ज्येनग्वो म्हणाला, "बीन झोपत नाही. शूयिंग म्हणाली, तुमच्याकडचं ते पांघरूण."

वसुधाच्या जुन्या साड्यांचं शिवलेलं एक मऊ दुपटं होतं, त्याशिवाय बीनला झोप येत नसे. ती उठली. तयार केलेलं वाक्य डोक्यातून साफ निघून गेलं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे, तुम्हांला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मग ज्येनग्वोची नजर खाली गेली. "हे आमच्याकडेही असतं. पण तुमची माती कमी पडली." त्यानं फाटक उघडलं, आत येऊन बाह्या दुमडल्या आणि तिच्या हातातलं खुरपं बाजूला ठेवून हातांनीच माती ओढायला लागला. त्याचा हात सफाईनं चालत होता. दोन्ही बाजूंनी माती घ्यायची, बुंध्याशी चढवायची, तळव्यानं दाबायची. तरुणपणी चीनमध्ये सरकारनं कॉलेजं बंद केली तेव्हा त्याला खेड्यावर शेतात पाठवलं होतं, त्यानं सांगितलं. तिथं हेच काम केलं. वसुधा पलीकडच्या ओळीत बसली.

"आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव नातवाला ठेवतात," ती म्हणाली. आता ती बोलत होती ते इंग्रजी तिचं स्वतःचं होतं, मोडकं पण चालतं. "म्हणजे ते माणूस घरात परत आलं, असं वाटतं. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

ज्येनग्वोनं मान हलवली. "आमच्यात नाव घेत नाहीत. जुन्या काळी तर लिहितानासुद्धा बापाच्या नावाचं अक्षर आलं की लोक त्यातली एक रेघ गाळायचे." तो थांबला. "आणि विचार करा, मावशी. बीनला बाबांचं नाव ठेवलं. उद्या बीननं चड्डी ओली केली. शूयिंग ओरडली. ती कोणाला ओरडली?"

वसुधाला हसू आलं. आवरावं की नाही ते कळेना, आणि मग ते आवरलंच नाही. "अरे, आमच्यातही सून सासऱ्याचं नाव घेत नाही," ती म्हणाली. "माझ्या चुलतभावाला आजोबांचं नाव ठेवलं. त्याची आई त्याला त्या नावानं हाक कशी मारणार? म्हणून 'बाळ' म्हणायची. आता त्याला टक्कल पडलंय, बँकेत मॅनेजर आहे, अजून सगळे बाळच म्हणतात."

"म्हणजे नाव ठेवायचं आणि घ्यायचं नाही?"

"हो. मीसुद्धा यांचं नाव कधी घेतलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली."

"मग हाक कशी मारता?"

"'अहो' म्हणते."

ज्येनग्वोचे मातीतले हात थांबले. "त्यांचं नाव अहो नाही?"

"नाही रे. चा..." वसुधा थांबली. "नाही."

"मी दोन वर्षं त्यांना मिस्टर अहो म्हणतो."

"ते खूश असतात त्यावर," वसुधा म्हणाली.

बारशाच्या दिवसानंतर तो पहिल्यांदा हसला. खांदे हलवत, आवाज न करता हसला. मग म्हणाला, "मावशी, तुम्हांला तर हे सगळं माझ्याआधी कळायला हवं होतं."

खरंच होतं ते. नवऱ्याचं नाव जिभेवर येऊ न देणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या बापाचं नाव भर बैठकीत टाळ्यांवर चढवलं होतं. वसुधाला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मनावरचं ओझं उतरलंही होतं. तिनं एक ढेकूळ फोडलं आणि माती बुंध्याशी सारली.

"तुमचं नाव काय?" ज्येनग्वोनं विचारलं. "आम्ही मावशीच म्हणतो. शूयिंगलाही माहीत नाही."

"वसुधा."

"त्याला अर्थ असतो?"

"पृथ्वी. म्हणजे..." तिनं मातीनं भरलेला हात अंगणावरून फिरवला, "ही सगळी."

ज्येनग्वोनं ती ओळ पुरी केली, शेवटच्या बुंध्याची माती दाबली. मग शेजारची जागा तळहातानं सपाट करून त्यावर बोटानं रेघा काढायला लागला. आधी एक आडवी, तिच्यातून एक उभी, खाली आणखी एक आडवी. मग उजवीकडे बरंच काही, वर छपरासारखं, खाली चौकोन.

"हे डावीकडचं म्हणजे माती," तो म्हणाला. "फार पूर्वी नुसतं जमिनीवरचं ढेकूळ काढायचे. ढेकळाच्या रेघा झाल्या. उजवीकडचं मुख्यतः उच्चारासाठी. सगळं मिळून, पेइ."

"पेइ."

"नाही. आवाज वर न्या. प्रश्न विचारल्यासारखा."

"पेइ?"

"हां. पेइ म्हणजे..." त्यानं आपल्या दोन्ही हातांनी मघाची क्रिया करून दाखवली. "हे. झाडाच्या बुंध्याशी माती चढवणं. आधी फक्त तेवढाच अर्थ होता, माती चढवणं, बांध उंच करणं. मग मूल वाढवणं, शिकवणं, माणूस तयार करणं, यालाही तेच अक्षर वापरायला लागले. आमच्याकडे नावात असतं हे. पुष्कळांच्या असतं."

"आम्ही याला भर देणं म्हणतो," वसुधा म्हणाली. "मातीची भर."

"भर," त्यानं म्हणून बघितलं. "माझे वडील त्यांच्या विद्यार्थ्यांबद्दल हाच शब्द वापरायचे. म्हणायचे, मला एवढंच काम येतं, पेइ." बोट अक्षरावरच होतं. "त्यांनी हेच शोधलं असतं की नाही, मला माहीत नाही. आठवडाभर बीन रडतोय, मी त्याला घेऊन फिरतोय आणि नाव शोधतोय. मला आत्ता सापडलं. तांग पेइ."

वसुधा अक्षराकडे बघत राहिली.

"तुम्ही मोठ्या," ज्येनग्वो पुढं म्हणाला. "तुमचं नाव मी मुलाला ठेवू शकत नाही, तो अपमान होईल. पण पृथ्वी त्याच्या डाव्या हाताला बसली, तर कोणी काही म्हणणार नाही."

वसुधाला रडू आलं. हात मातीनं भरलेले, त्यामुळे पुसताही येईना. तिनं खांद्यानं गाल पुसला, तर खांद्याचीही माती गालाला लागली. तिला फार आनंद झाला होता, आणि मूल जाणार हेही त्याच क्षणी आठवलं होतं. पण बाई हिशेबी. रडता रडताच तिनं विचारलं, "मग कानात कोण सांगणार?"

"शूयिंग म्हणते, वडिलांची बहीण सांगते. तुमच्यात." ज्येनग्वोनं हात झटकले. "मला बहीण नाही."

"आहे," वसुधा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बारसं झालं. या वेळी कोणाला बोलावलं नव्हतं. वीणा न बोलावता आली, कारण तिनं खिडकीतून बास्केट पाहिली. शनिवारी रात्रभर वसुधा घरात प्रश्न विचारत हिंडत होती. पेइ? पेइ? चारुदत्तांनी दोनदा "काय गं?" म्हणून उत्तर दिलं.

बीन बास्केटमध्ये बसून तिच्या मंगळसूत्राकडे हात करत होता. वसुधा वाकली. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि आज मात्र इतक्या हळू सांगितलं की शेजारी उभ्या असलेल्या दीपालाही ऐकू आलं नाही. मुलानं रडणं, हसणं काहीच केलं नाही. तो स्थिर झाला, कान देऊन, जणू पुढचं वाक्य येणार आहे.

"आता मला मारा," वसुधा वाकल्या वाकल्या म्हणाली.

"व्हॉट?" दीपा म्हणाली.

"पाठीत. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत बुक्के मारतात. मारा की."

दीपानं एक लाजरा बुक्का मारला. वीणानं नागपुरी हातानं दणका घातला. ज्येनग्वो मागं सरला, पण शूयिंग पुढं आली. तिनं आधी विचारलं, "नक्की?" वसुधा म्हणाली, "नक्की." मग शूयिंगनं आपल्या लहानशा मुठीनं मारायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. मारता मारता ती रडायला लागली, मग हसायला लागली, मग परत रडायला. वसुधानं पाठ तशीच पुढं करून ठेवली. तिला एकही बुक्का चुकवायचा नव्हता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकाच गाडीतून न्यूयॉर्कच्या विमानतळावर गेले. चारुदत्तांनी गाडी चालवली. ज्येनग्वोनं त्यांना वाटेत दोनदा 'मिस्टर अहो' म्हटलं आणि त्यांनी दोन्ही वेळा ओ दिली. वसुधा मागं बसली होती, मांडीवर बीन, बीनच्या मुठीत तिची करंगळी.

नेणाऱ्या बाई आधीच येऊन थांबल्या होत्या. मिसेस गाओ, पांढऱ्या केसांच्या, एका प्राध्यापकाच्या पत्नी, वर्षभर मुलाकडे राहून परत चाललेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ज्येनग्वो सामान घेऊन काउंटरकडे गेला. शूयिंगनं दुधाच्या बाटल्या, औषध, दुपटं, सगळं एकेक करून दाखवलं, आणि मग मूल त्यांच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा तिला पुढं बोलवेना. ती खांबाला टेकून तोंडावर हात धरून उभी राहिली.

मिसेस गाओंनी मुलाच्या हनुवटीला बोट लावलं आणि चिनीत काहीतरी विचारलं. शूयिंगनं मान दुसरीकडे वळवली. त्यांनी परत विचारलं, या वेळी वसुधाकडे बघून. शब्द एकही कळला नाही, पण पोर पहिल्यांदा हातात घेणारी म्हातारी बाई काय विचारणार, ते वसुधाला कळलं.

"पेइ," तिनं सांगितलं. आवाज वर नेऊन सांगितला. "तांग पेइ."

मिसेस गाओंनी मान हलवली, ओठांतल्या ओठांत नाव म्हणून बघितलं. मग आणखी एक प्रश्न विचारला, आणि आपला उजवा हात उघडा करून पुढं धरला. वसुधा गोंधळली. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं तळव्यावर रेघ मारल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या. कुठलं पेइ? एकाच आवाजाची त्यांच्याकडे कितीतरी अक्षरं, त्यांतलं कुठलं?

वसुधाला सगळं अक्षर येत नव्हतं. उजवीकडचा भाग तिनं ज्येनग्वोकडून पुष्कळदा काढून घेतला होता आणि प्रत्येक वेळी विसरली होती. तिनं मुलाला डाव्या खांद्यावर घेतलं. उजव्या हाताच्या बोटानं त्या सुरकुतलेल्या तळव्यावर एक आडवी रेघ काढली, तिच्यातून एक उभी, आणि खाली आणखी एक आडवी. तेवढ्यावर ती थांबली.

"आ," मिसेस गाओ म्हणाल्या. "पेइ."

त्यांनी मूठ मिटली. मग दोन्ही हात पुढं करून, मिटलेली मूठ तशीच ठेवून, मूल वसुधाच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतलं.